सोबतीला आलेल्या कुमुदआत्या

हर्षद जिंतूरकरनं मेनूकार्ड पुन्हा एकदा उघडलं आणि मिटलं, तेव्हा कुमुदआत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण दोघी जरा पाय मोकळे करून येऊ. यांना बोलू दे."

माझी मुळीच इच्छा नव्हती. निराला बाजारातल्या त्या हॉटेलात डोक्यावर पंखा होता, खुर्चीला गादी होती आणि मी ऑफिसातून थेट तिथं आले होते. पण ठरलंच होतं तसं. माझी धाकटी बहीण केतकी आणि हर्षद यांनी मोकळेपणानं बोलावं, पण एकटं भेटू नये, असा दोन्ही घरांनी तोडगा काढला होता. म्हणून आमच्याकडून सोबतीला मी आणि त्यांच्याकडून त्याच्या वडिलांची बहीण. केतकीनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणजे जा.

कुमुदआत्यांची आणि माझी ती पहिलीच भेट. पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी बाई. साडी जुनी, पण कडक इस्त्रीची. नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि तेव्हापासून त्या भावाकडे राहतात, एवढं आम्हाला मध्यस्थानं सांगितलं होतं. त्यांच्याजवळ कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली. ती हॉटेलातच राहू द्या म्हटलं तर नको म्हणाल्या, वाटेत एकीची भांडी परत द्यायची आहेत. रीत म्हणून मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दहा पावलांतच पस्तावले.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोबाईल तेव्हा डॉक्टर आणि बिल्डर यांच्याकडेच दिसायचे. आमचं औरंगाबाद संध्याकाळी निराला बाजार ते गुलमंडी एवढ्याच पट्ट्यात गोळा व्हायचं. क्लासमधून सुटलेली पोरं सायकली आडव्या लावून उभी होती. ज्यूसच्या दुकानातले मिक्सर एकदम चालू व्हायचे आणि एकदम बंद पडायचे. एक माणूस स्कूटरवरून चालला होता आणि मागे बसलेल्या त्याच्या बायकोनं कपाटाचा लांबलचक आरसा उभा धरला होता. अख्खा रस्ता त्या आरशातून उलटा वाहत गेला, दुकानं, माणसं, आम्ही दोघी. आत्या थांबल्या आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

माझं डोकं त्या आठवड्यात ठिकाणावर नव्हतं. मी पाटबंधारे खात्यात होते. सोमवारी बढतीचा हुकूम आला होता, आणि बढती घ्यायची तर लातूरला जायचं होतं. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबा गेल्यापासून घर माझ्यावर होतं. आईला संधिवात, केतकी नुकती शिकून बाहेर पडलेली. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जा की, माझं काय, मी पडून राहीन. ते तिनं अशा आवाजात सांगितलं, की माझं नाही म्हणायचं तिथंच ठरलं. चौतीस वर्षांची झाले होते. लग्नाचं विचारणं लोकांनी थांबवलं होतं आणि ऑफिसात आता मला बढतीचंही कुणी विचारणार नाही, असं डोक्यात घोळत होतं. त्यात सँडलचा पट्टा टाचेला कापत होता.

आणि कुमुदआत्या पाट्या वाचत होत्या. मोठ्यानं. दुकानांची नावं, भाड्यानं खोली मिळेल, शिवणकाम शिकवतात, दाताचा दवाखाना जिन्यावर. इथं पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथं एक पारशी म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा, हे मध्ये मध्ये. मी हं हं करत होते. या बाईला मुलीकडची माहिती काढायला पाठवलंय, अशी माझी खात्री होती. म्हणून मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. केतकीचा स्वयंपाक, केतकीचा स्वभाव, वडिलांचं आजारपण, सगळ्याची. पण त्या काही विचारेचनात. त्याचाही मला राग आला.

औरंगपुऱ्यात चपलांच्या एका दुकानात त्या शिरल्या. मला वाटलं, दोन मिनिटं. त्यांनी विक्रेत्याला खालचे वरचे सगळे खोके काढायला लावले. प्रत्येक जोड घालून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. दिवसभर उभं राहायचं असेल तर कुठली चालेल, फरशी ओली असली तर घसरेल का, असं विचारून त्या माणसाला त्यांनी भंडावून सोडलं. शेवटी मागे पट्टा असलेली एक काळी जोडी घेतली, पायातच ठेवली आणि जुन्या चपला त्याच्याकडे सरकवून म्हणाल्या, या टाकून द्या.

"आत्या, आता परत फिरायचं का?" मी विचारलं. "त्यांचं बोलणं होत आलं असेल."

"बोलू दे गं. आयुष्याचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि गुलमंडीच्या दिशेनं चालायला लागल्या.

गुलमंडीत गर्दी चेंगरून टाकणारी होती. लग्नसराईचे दिवस. साड्यांच्या दुकानांतून बायकांचे घोळकेच्या घोळके बाहेर पडत होते आणि प्रत्येक घोळक्यात एक तरी बाई रुसलेली होती. एका हातगाडीपाशी उभं राहून आत्यांना उसाचा रस प्यायचा होता. आत बसायला बाकडी असताना त्यांना रस्त्यावरच उभं राहून प्यायचा होता. आमच्याकडे बायका असं पीत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं आणि ग्लास संपेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहिल्या. ग्लास परत करताना त्यांनी त्या संध्याकाळचा पहिला आणि एकुलता प्रश्न विचारला. केतकी सकाळी किती वाजता उठते?

आली मुद्द्यावर, असं मला वाटलं. मी म्हणाले, "पाचला. लहानपणापासूनची सवय आहे तिला."

"अरेरे," आत्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या पुढं निघाल्या होत्या. त्या अरेरेचा अर्थ लावत मी पिशवी सांभाळत त्यांच्या मागून गेले. पाच म्हणजे उशीर? यांच्याकडे चारला उठतात? मला त्या घराची, हर्षदची, मध्यस्थाची आणि मुख्य म्हणजे स्वतःची चीड आली. आपण बहिणीला कुणाच्या तरी परीक्षेत पास करायला खोटं बोलतो आणि त्यातही मार्क कमी पडतात.

पुन्हा औरंगपुऱ्यात आलो तेव्हा दिवे लागले होते. एका शाळेच्या बंद फाटकासमोर त्या थांबल्या. ही त्यांची शाळा. आत अंधारात फक्त नळाखालची बादली भरल्याचा आवाज येत होता. त्यांनी मला त्यांच्या लीला मुळे नावाच्या मैत्रिणीचं सगळं सांगितलं. दोघी एका बाकावर बसायच्या. लीला गणितात कच्ची होती आणि भांडणात पक्की. मॅट्रिकनंतर आत्यांचं लग्न झालं आणि लीलानं घरच्यांशी भांडून शिक्षण पुढं चालू ठेवलं. मला त्या लीलाशी काहीही कर्तव्य नव्हतं. माझी टाच सोलली होती. हॉटेलात केतकी त्या मुलासमोर किती वेळ एकटी बसलीय, वेटर किती वेळा येऊन गेला असेल, हर्षदच्या घरी हे कळलं तर काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात चाललं होतं. आणि हॉटेलकडे वळायच्या कोपऱ्यावर आल्यावर आत्या सरळ मिल कॉर्नरच्या रस्त्याला लागल्या.

तेव्हा माझा तोल गेला.

"आत्या, पुरे झालं आता. मी सकाळी नऊपासून घराबाहेर आहे. तुमची भांडी कुणाला द्यायचीत ती द्या आणि चला. माझी बहीण तिकडे ताटकळत बसलीय. तुम्हाला फिरायचंच असेल तर तुमच्या घरच्यांबरोबर फिरा."

एवढ्या मोठ्या बाईशी मी असं कधी बोलले नव्हते. लग्न मोडलं आता, असंच मनात आलं. आत्यांनी मात्र शांतपणे मनगट उजेडाकडे धरून घड्याळ बघितलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "दे ती पिशवी. तू जा परत. मी जाते पुढं."

आता यांना एकटं कसं सोडायचं? सोबतीला म्हणून आलेली बाई मी रस्त्यात सोडून आले, असं झालं असतं. मी पिशवी दिली नाही. त्यांच्याबरोबर चालत राहिले आणि आम्ही बसस्टँडवर पोचलो.

तिथं नेहमीचा गोंधळ होता. भोंग्यातून जालना, अंबड, पैठण असं काहीतरी घोगरं ऐकू येत होतं. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. आत्या बीडच्या फलाटापाशी गेल्या, लागलेल्या गाडीची पाटी त्यांनी वाचली, या वेळी मनातल्या मनात, आणि माझ्याकडे वळल्या.

"सुलभा, मी परत येणार नाही. मी बीडला चालले आहे."

मला आधी वाटलं, कुणी आजारी आहे. मग पिशवीचं वजन एकदम माझ्या लक्षात आलं. तिच्यात भांडी नव्हती.

बीडला मुलींचं एक वसतिगृह होतं आणि लीला मुळे तिथं अधीक्षक होती. स्वयंपाकघर सांभाळायला तिला भरवशाची बाई हवी होती. ती गेली दोन वर्षं आत्यांच्या मागे लागली होती.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"लीलानं बोलावलंय हे माहीत आहे, कुठल्या गावाला ते कुणी कधी विचारलंच नाही. दोनदा विचारलं मी दादाला. पहिल्यांदा तो जेवलाच नाही. दुसऱ्यांदा वहिनींनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, आमचं काय चुकलं ते हिला विचारा म्हणून. रोज एक जण यायचा मला समजवायला. शेवटी मीच सगळ्यांची माफी मागितली."

"पण तिथं जाऊन तुम्ही पुन्हा स्वयंपाकच करणार ना?"

"पोळ्या तिथंही लाटायच्याच आहेत," आत्या म्हणाल्या. "पण तिथं रविवारी सुट्टी असते. आणि आम्ही हिला सांभाळलं असं तिथं कुणी म्हणणार नाही."

मला त्यांची कीव यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला नुसता संताप आला. माझ्या बहिणीचं लग्न जुळत होतं आणि या बाईनं पळून जायला नेमका तोच मुहूर्त धरला होता. मी तसं बोललेही. आजचाच दिवस मिळाला का तुम्हाला, असं विचारलं.

"मला दुसरा कुठला दिवस मिळणार होता?" त्या म्हणाल्या. "भाजी दारावर येते. देवळात वहिनी बरोबर असतात. पिशवी घेऊन एकटी बाहेर पडले असं कधी झालं ते मला आठवत नाही. आज तेच म्हणाले, जाऊन ये."

मी विचारलं, मी त्यांना जाऊन काय सांगू?

"तुला पटेल ते सांग. चोरून जायचं नाहीय मला. दादाला मी उद्या बीडहून फोन करणारच आहे. फक्त आज गाडीत बसताना कुणी हात धरायला नको होतं. एकदा हात धरला की मी थांबते, हे मला माहीत आहे."

कंडक्टरनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. आत्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायला जीभ वळत नव्हती. शेवटी विचारलं, "हर्षद कसा आहे? खरं सांगा."

"मुलगा वाईट नाही. मला कधी उलटून बोललेला नाही. परीक्षेच्या वेळी मी रात्री चहा करून द्यायचे, तर मला बस म्हणायचा. पण त्या घरात कुणीतरी पाचला उठावंच लागतं, सुलभा. उद्यापासून मी नाही. म्हणून तुला विचारलं मघाशी. तू पाचला म्हणालीस तेव्हा मला फार वाईट वाटलं."

"ती साडेसातच्या आत उठत नाही," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

आत्या हसल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. मग गाडीत चढल्या, खिडकी मिळाली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी मागे सरकली, वळली आणि गेली. त्यांनी हात वगैरे हलवला नाही. समोर बघत होत्या.

मी रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मोठ्यानं गाणी लावली होती, ती बंद करायला सांगायचंही त्राण नव्हतं. काय सांगायचं याची मी वाटेत अनेक वाक्यं जुळवली. चुकामूक झाली. त्यांना बरं वाटेना म्हणून एका नातेवाइकाकडे थांबल्या. प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी उघडं पडणारं होतं. आणि का म्हणून मी खोटं बोलायचं? मी कुणाची कोण? सकाळी साडेआठचा डबा, ऑफिस, मग हे. लोकांची घरं सांभाळायची, लोकांच्या लग्नांना सोबत करायची आणि आता लोकांच्या आत्याही मीच पळवल्या, असं होणार.

हॉटेलात शिरले तर केतकी हसत होती. समोर दोन रिकामे ग्लास होते आणि हर्षद हातवारे करून कसलीतरी गंमत सांगत होता. बाबा गेल्यानंतर केतकीला असं मान मागे टाकून हसताना मी बघितलं नव्हतं. त्याच वेळी ती हसत असायला नको होती, असं मला वाटलं.

"आत्या कुठेत?" हर्षदनं विचारलं.

मी खुर्चीत बसले. सगळी जुळवलेली वाक्यं विसरले. "त्या गावाला गेल्या. मी बसमध्ये बसवून आले. त्या सुखरूप आहेत आणि उद्या तुमच्या वडिलांना फोन करणार आहेत."

त्याला कळेचना. मी पुन्हा सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. कुठल्या गाडीत, असं त्यानं विचारलं आणि मी ते त्याच सांगतील म्हणाले. तो उठून समोरच्या एसटीडी बूथवर गेला. काचेतून आम्हाला तो दिसत होता. रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ नुसता ऐकत होता.

परत आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. आई रडतेय म्हणाला. बाबा म्हणतात, गाडीचं सांगा, बाबांच्या ओळखीचे एक जण डेपोत आहेत, ते पुढच्या थांब्यावर उतरवून घेतील.

"ताई, प्लीज सांगा. अजून वेळ आहे," तो मला म्हणाला. मुलगा खरंच वाईट नव्हता. अरेरावी नाही, आवाज चढवणं नाही.

मी केतकीकडे बघितलं. तिचे डोळे सरळ सांगत होते, सांगून टाक ना. माझ्या जिभेवर बीड आलं होतं. एक शब्द होता. तो सांगितला असता तर सगळ्यांचं सगळं मार्गी लागलं असतं. मी ग्लासातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी सांगणार नाही."

केतकीनं त्याला विचारलं, "त्यांना जायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणत होती मध्ये. पण बाबा नाही म्हणाले, मग विषय संपला," हर्षद म्हणाला. "तिला आमच्याकडे कशाचीच कमी नव्हती, तुम्ही कुणालाही विचारा." तो कपाळ चोळत होता. "आजोबांचं पथ्याचं सगळं तीच करायची. सकाळचे डबे. आईला तर उभं राहवत नाही. आता उद्यापासून कसं होणार?"

हे बोलताना तो केतकीकडे बघत होता. त्याच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. अडचणीत सापडलेला माणूस ज्याच्याकडून आधार मिळेल त्याच्याकडे बघतो, तसा तो बघत होता. पण केतकीनं ते बघणं टिपलं. ती हळूच उठली आणि तिनं पर्स खांद्याला अडकवली.

रिक्षा क्रांती चौकात आली तेव्हा ती म्हणाली, "तू सांगायला हवं होतंस."

"का?"

"कारण तो मला आवडला."

घर जवळ आलं तशी ती बाहेर बघत म्हणाली, "आणि सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी कधी बोलले नसते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मध्यस्थ आले. जिंतूरकरांकडून नकार होता. तुमच्या थोरल्या मुलीनं आमच्या भोळ्या बाईला फूस लावली आणि वर पत्ता दडवला, अशा घरात आम्हाला सोयरीक करायची नाही, असा निरोप होता. आई माझ्यावर इतकी चिडली की तिनं माझ्या हातचा चहा नाकारला. केतकी मात्र वेगळ्याच कारणानं आदळआपट करत होती. मी अजून काही ठरवलंच नव्हतं, असं ती सारखी म्हणत होती. रात्रभर विचार करत होते मी, आणि यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

शनिवारी मी ऑफिसात जाऊन लातूरला हो म्हणून सांगितलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघालं. आई म्हणाली, त्या बाईनं तुला नादी लावलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. लातूरला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, खोलीचं छत तापायचं आणि पहिले काही महिने मी जेवताना रेडिओ लावून ठेवायचे, घरात आवाज असावा म्हणून. इकडे आईचं सगळं केतकीवर पडलं. ती सहाला उठायला लागली. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, असं ती अजून हसत हसत म्हणते, पण ते हसणं पुरतं खरं नसतं, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. पुढं तिनं जालन्याच्या एका मुलाशी लग्न केलं. त्याला भेटायला ती एकटी गेली होती.

लातूरहून घरी येताना गाडी बीडला थांबायची. एकदा मी मध्येच उतरून त्या वसतिगृहावर गेले. आत्या जरा भरल्या होत्या. कांद्याच्या पोत्यावरून एका माणसाशी भांडत होत्या, आणि भांडण अर्धं टाकून येणार नाही, थांब म्हणाल्या. मग आम्ही चहा प्यायलो. भावानं फोनवर काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून दर दिवाळीला मी त्यांना फोन करते.

मागच्या हिवाळ्यात जालन्याला केतकीच्या पुतणीच्या लग्नात पंगतीला बसले, तर शेजारी चाळिशीची एक बाई येऊन बसली. ओळख निघाली. आडनाव जिंतूरकर, मिस्टरांचं नाव हर्षद. नवरीच्या मावशीची ती मैत्रीण होती. मी कोण, हे तिला अर्थातच ठाऊक नव्हतं. बोलण्यावरून सरळ वाटली. सासऱ्यांचं अंथरुणातच सगळं असतं, म्हणून जेवून लगेच निघायचंय, असं म्हणाली. आज आले तेच किती सांगावं लागलं घरी.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना एक बहीण होती ना? कुमुदताई?"

"हो, होत्या," ती म्हणाली. "मी बघितलं नाही त्यांना. आमच्या लग्नाआधीच वारल्या. घरात फोटोसुद्धा नाही एखादा."

वाढपी जिलबी घेऊन आला. आमच्या दोघींच्या पानांत वाढून पुढे गेला. हर्षदसमोर गिळलेला तो शब्द मी इतकी वर्षं कुणालाही सांगितला नव्हता. आईला नाही, केतकीलाही नाही.

"वारल्या नाहीत त्या," मी म्हणाले. "बीडला आहेत. आता थकल्यात, पण त्याच वसतिगृहात राहतात, मुली बघतात त्यांच्याकडे. त्या स्वतःहून गेल्या. मीच त्यांना गाडीत बसवलं होतं."

ती जेवायची थांबली. विचारेल, तुम्ही कोण, हे आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही, असं मला वाटलं. तिनं तसलं काही विचारलं नाही. दाराशी उभा असलेला हर्षद घड्याळ दाखवून तिला खुणावत होता. त्याचे केस विरळ झाले होते. त्यानं मला ओळखलं नाही. तिनं त्याला थांबा असा हात केला, पानाकडे बघत आवाज खाली आणला आणि मला विचारलं,

"बीडला कुठे?"